चौथी पेटी

लाईट गेली तेव्हा ललिताचे दोन्ही हात मोरीत राखेनं भरले होते. तिनं पातेलं तसंच सोडलं आणि ओल्या हातांनी गोठ्याकडे पळाली. गोठा आपला म्हणायला. त्यात गुरं बांधून जमाना झाला होता. बैल गेले, मागून म्हैस गेली, आणि गव्हाणीच्या जागी आता अंडी उबवायचं मशीन उभं होतं. लोखंडी कपाटाएवढं, पुढून काच लावलेलं, आत ट्रेवर ट्रे, मागे तापणारी तार आणि वर पंखा. लाईट असली की ते निवांत घुरघुरायचं. लाईट गेली की गोठ्यात जी शांतता पडायची ती ललिताला मोरीपर्यंत ऐकू यायची.

तिनं मशीनवर गोधड्या टाकल्या. मागून तिचे सासरे सोनबा गरम पाण्याची कळशी काखेत धरून हळूहळू आले.

"कवा यायची म्हनं?"

"कोन सांगनार आबा? रस्त्यावाल्यांनी परत केबल उचकटली आसंल."

हिंजवडीच्या मागच्या अंगाला त्यांचं घर. त्या हिवाळ्यात पुढचा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं आणि जेसीबीला जमिनीतली केबल सोडून दुसरं काही सापडतच नव्हतं. समोर सहा मजली हॉस्टेल. लाईट गेल्या गेल्या तिथला जनरेटर धडधडायला लागायचा आणि त्याचा काळा धूर सरळ गोठ्याच्या पत्र्यावर यायचा. एका थंडीत मच्छिंद्र, म्हणजे ललिताचा नवरा, तिथं जाऊन म्हणाला होता की एक वायर तेवढी टाकू द्या, मशीन काय एवढं खात नाही. मॅनेजरनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "कोंबड्यांसाठी?" मच्छिंद्र त्यावर हसला होता. घरी आल्यावर मात्र त्यानं वायरचं भेंडोळं माळ्यावर फेकून दिलं.

त्याच हॉस्टेलच्या मेसमध्ये ललितानं चपात्या लाटल्या होत्या. पहाटे कणकेच्या पराती, दुपारी पराती, संध्याकाळी पराती. तव्याच्या धगीनं उजवा गाल कायमचा काळवंडला, कोपर दुखून दुखून वाकेना झालं. त्याचंही तिला काही वाटलं नसतं. कष्ट काय, कुठंही आहेत. पण घरी निघताना मेस चालवणारी दीपालीताई दारात उभी राहून पिशवी उघडून दाखवायला लावायची. आत एखादी चपाती आहे का बघायची. "तुझ्यावर नाही गं संशय, सगळ्यांचीच बघते," असं म्हणून पदराची गाठसुद्धा चाचपायची. ज्या जमिनीवर ते हॉस्टेल उभं होतं तिथं लग्न झाल्यावर ललितानं भात लावला होता. जमीन विकून वाटे पडले, पैसा भावकीच्या भांडणात आणि सासूच्या आजारपणात वितळला, मच्छिंद्रची कंपनीच्या बसवरची नोकरी ठेकेदार बदलला तशी गेली. अशात अंड्यांचं मशीन हे एकच काम असं होतं की ज्यात तिला कुणाला पिशवी दाखवावी लागत नव्हती. ते बंद पडलं तर पुन्हा मेस, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मशीनपुढं ती देवापुढं बसावं तशी बसायची ती त्याच भीतीनं.

काम तिनं आपल्या डोक्यानं उभं केलं होतं. शेळी वाट्यानं द्यायची जुनी रीत होती; पाळणारा पाळतो आणि करडं निम्मी निम्मी. तीच रीत ललितानं अंड्यांना लावली. मुळशीकडच्या बायका अंडी आणून द्यायच्या, ही उबवून द्यायची, पिल्लं अर्धी त्यांची, अर्धी हिची. व्यवहार तोंडी आणि भरवशावर. बायडाबाई नावाची एक म्हातारी तर आपल्या अख्ख्या वस्तीची अंडी भुसा भरलेल्या डब्यांतून एसटीनं मांडीवर धरून आणायची.

त्या दिवशी लाईट उशिरा आली. ललितानं एक अंडं उचलून पापणीला लावून पाहिलं. गार. दुसरं लावलं. तेही तसंच. ती खेप निम्म्याहून जास्त वाया गेली. बायडाबाई आली, मोजकी पिल्लं डब्यात भरली. जाताना फक्त म्हणाली, "बया, माज्या एकटीची असती तर काय नव्हतं. लोकांच्या कोंबड्या हायत."

*

जुनी इन्व्हर्टरची बॅटरी केव्हाच बसली होती आणि नवी घ्यायची ऐपत नव्हती. वाट दाखवली ती तेजसनं. तेजस त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा, कंपनीत कामाला, स्वभावानं गरीब. जाता येता मशीनपाशी थांबून काचेतून बघत बसायचा.

"काकू, लोक इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटऱ्या वापरतात आता. गाडी ठोकली की भंगारात जाते, पण आतले मॉड्यूल्स चांगले असतात. सेकंडहँड मिळतात. मी बघितलेत व्हिडिओ, जमेल आपल्याला. फक्त एक, मला विचारल्याशिवाय घेऊ नका. मी येतो बरोबर, प्रत्येक चेक करून घेऊ."

पण तेजसला सुट्टी मिळेना आणि लाईट जायची थांबेना. शेवटी त्याचा बॅटरी तपासायचा मीटर घेऊन मच्छिंद्र आणि ललिता मोशीच्या पुढं एका भंगाराच्या गोडाऊनात गेले. तिथं गाड्यांचे सांगाडे एकावर एक रचलेले. मालकानं एक पत्रा बाजूला केला. खाली चांदीच्या रंगाच्या चपट्या पेट्या, उशीएवढ्या, पण उचलायला गेलं तर पाटा.

"गाडी मागून ठोकलेली. बॅटरीला खरचटलंसुद्धा नाही," मालक म्हणाला. "तपासा, हवं तेवढं तपासा. माल एकदा गेटबाहेर गेला की आपली ओळख नाही."

मच्छिंद्रनं मीटरच्या तारा लावून पाहिल्या. चारही पेट्यांवर आकडा सारखाच आला. त्याचा चेहरा खुलला. बस चालवताना त्याचा चेहरा असा असायचा. ललितालाही बरं वाटलं आणि तिनं आणखी काही विचारलं नाही.

ओळखीच्या टेम्पोत पेट्या टाकून आणल्या. त्यांच्या वजनानं मच्छिंद्रच्या कमरेत उसण भरली. ललिता त्या पुसायला बसली. तीन पेट्या लख्ख निघाल्या. चौथीच्या स्क्रूच्या खाचांत काहीतरी बारीक, राखाडी बसलं होतं. तिनं नखानं काढून बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. तिचं माहेर मुठेच्या काठचं, खडकवासल्याच्या खाली. धरणातून पाणी सोडलं की तिच्या बापाच्या अंगणात हाच गाळ बसायचा.

"अहो, ही गाडी पान्यात बुडलेली हाय."

"धूळ हाय ती. भंगारात धूळच असती."

"मला गाळ कळत न्हाई व्हय?"

"आगं, मीटरवर बगितलं की आपन. चारी सारख्या हायत."

तिनं नख पदराला पुसलं. मीटरपुढं नखातला गाळ कोण धरणार?

पुढच्या रविवारी तेजसला एकदाची सुट्टी मिळाली आणि तो बसला. त्यानं चार पेट्या एकापुढं एक जोडल्या, लाकडी खोक्यात नीट बसवल्या आणि एका बाजूला तळहाताएवढं हिरवं सर्किट लावलं. मग हॅलोजनचा मोठा दिवा लावून मीटर धरला. तीन पेट्यांचा आकडा जागेवर राहिला. चौथीचा घसरत गेला.

"काका, ही गेलेली आहे. रिकामं असताना चांगली दिसते, लोड टाकला की बसते. काढून ठेवा. हिच्यासारखी दुसरी शोधतो मी."

"आन तोवर तीनवर चालवू की."

"तीनवर इन्व्हर्टर चालूच होणार नाही. चार लागतातच."

"मग आसू दे ना चौथी. तीन चांगल्या हायत, ओढून न्हेतील तिला."

"नाही हो काका. हे तसं नसतं. यात कुणी कुणाचं ओझं घेत नाही. जी कमजोर असते तीच आधी मरते आणि मरताना तापते. हे सर्किट त्यासाठीच आहे, ती घसरली की हे सगळं बंद करेल. याला कधीही हात लावायचा नाही. प्लीज."

मच्छिंद्रनं मान हलवली. त्या मानेत होकार किती आणि बोलणं संपवायची घाई किती, हे नवऱ्याला इतकी वर्षं ओळखून असलेल्या ललिताला बरोबर कळलं.

*

तेजसला कंपनीनं चेन्नईला पाठवलं. जाताना तो जिन्यात पुन्हा सांगून गेला, काकू, जोडू नका. मग दोन दिवसांत लाईट पुन्हा गेली.

खोक्याशी तिघंही उभे राहिले. मशीनमध्ये नवी खेप भरलेली होती. मच्छिंद्र चौथी पेटी हातात धरून उभा.

सोनबा गव्हाणीच्या दगडावर टेकले. आयुष्यभर बैलांमागं चाललेला माणूस. बैल विकले त्या दिवसापासून त्यांना काही विचारायचं घरातल्यांनी सोडलं होतं; मुद्दाम नाही, विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मच्छिंद्रनं विचारलं, "आबा, काय करू?"

सोनबांना क्षणभर विश्वासच बसला नाही. मग त्यांनी पागोटं सारखं केलं.

"त्याला काय हुतंय? चौबैली नांगराला चारी बैल सारखं कवा आस्त्यात? येक अशक्त निगतोच. त्याला कडंला न्हाई ठिवायचा. तगड्याच्या जोडीला घालायचा, म्होरं मागं दमदार जनावर द्यायचं. ओढीत न्हेत्यात त्ये. चार तासं गेली की त्येलाबी आंग येतं."

"तेजस नको म्हनला हुता," ललिता म्हणाली.

"त्यानं बैल धरलाय का कवा?" मच्छिंद्र म्हणाला. आवाजात राग नव्हता. वडिलांच्या बाजूनं बोलायला मिळालं याचा एक जुना आनंद होता.

त्यानं जागा बदलली. चौथी पेटी दोन चांगल्यांच्या मधोमध बसवली. तेजस करताना त्यानं नीट पाहिलं होतं, तसेच नट आवळले. बटण दाबलं. इन्व्हर्टरनं एक आवाज केला आणि मशीन घुरघुरलं. सोनबा उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांनी काही केलं नाही.

त्या खेपेची पिल्लं निघाली. पेटी थोडाच वेळ तग धरायची, पण लाईटही त्या दिवसांत थोडाच वेळ जात होती, म्हणून निभावलं. ट्रे ओढला तर पिवळी, तपकिरी, ठिपक्यांची पिल्लं एकमेकांवर चढत होती. ललितानं ओंजळीत पाच सहा घेतली तेव्हा तिला हसू आवरेना. बायडाबाई आली आणि दारातच पिल्लांचा गलका ऐकून चप्पल काढून आत आली, देवळात यावं तशी. पुढच्या वेळी तिनं सगळ्या वस्तीची अंडी आणली, आणि शेजारच्या वस्तीचीही. मशीन पहिल्यांदा काठोकाठ भरलं.

त्याच सुमारास सोनबांनी खोक्याशी मुक्काम ठोकला. सकाळची भाकरी खाल्ली की घोंगडी घेऊन तिथं बसायचे. अधूनमधून पेट्यांवर हात ठेवायचे, बैलाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"हिचा खांदा ऊन लागतोय," एकदा म्हणाले.

ललितानं हात लावला. खरंच, मधली पेटी बाकीच्यांपेक्षा कोमट होती. आणि कडा जरा फुगल्यासारख्या. तिनं मच्छिंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "काम करतीय म्हनून तापतीय." दुसऱ्या दिवशी तिनं बघितलं तर सोनबांनी पेटीवर ओलं गोणपाट टाकलं होतं.

"आबा, ह्याला पानी चालत न्हाई."

"आगं पिळून टाकलंय. खांदा सुजला की टाकतोच की."

तिनं गोणपाट उचललं, पेटी पदरानं कोरडी केली. तेजसला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "काकू, नंतर करतो" म्हणाला. नंतर रेंज नव्हती, मग त्याचं राहून गेलं, मग तिचं. खरं म्हणजे तिनं पुन्हा लावला नाही. तो काढून टाका म्हणेल हे तिला माहीत होतं, आणि मशीन भरलेलं होतं.

*

अंडी फुटायला आली त्या दिवशी सकाळी केबल तुटली. ती अशी तशी नाही, चौकातच. वायरमन येऊन खड्ड्यात डोकावून गेला आणि म्हणाला, आज काही खरं नाही. आभाळ भरलेलं, वारा बोचरा. ललिता मशीनला कान लावून बसली होती. आतून टकटक ऐकू येत होती. दोन तीन अंड्यांना बारीक चीर गेली होती आणि चिरेतून इवलीशी चोच हलत होती.

खोक्यावर मशीन चालू होतं. तासाभरात हिरव्या सर्किटनं टिक केलं आणि सगळं बंद झालं. मच्छिंद्रनं थांबून पुन्हा लावलं. थोडं चाललं, पुन्हा टिक. मग तर लावल्या लावल्या बंद.

"गोधड्या टाक," तो म्हणाला.

"आता कशा टाकू? पिल्लं श्वास घ्यायला लागलीत. झाकली तर गुदमरतील."

"मग न्हाई झाकली तर?"

तिनं काचेला हात लावून पाहिला. काचेवर आतून धरलेला ओलावा विरत चालला होता. मशीन निवत होतं. मच्छिंद्रनं मीटर लावला. तीन पेट्यांत जोर होता. चौथी तळाला गेलेली.

"तीन ताजी जनावरं हायत," सोनबा म्हणाले. "येक बसलं म्हनून नांगर सोडायचा?"

"ते सर्किट सोडीत न्हाई आबा."

"त्येला बाजूला कर."

मच्छिंद्रनं हातभर वायर घेतली, दोन्ही टोकं दातांनी सोलली. मग तसाच बसून राहिला. त्यालाही तेजसचं प्लीज आठवत असणार. त्यानं ललिताकडं बघितलं. "डायरेक्ट करू का? तू सांग."

ललितानं ट्रेकडं बघितलं. एका अंड्यातली चोच मघापासून हलत होती, ती थांबली होती. तिला बायडाबाई दिसली, मांडीवर डबे धरून एसटीत बसलेली. तिला दीपालीताईचा हात पदराच्या गाठीवर जाणवला. चौथ्या पेटीच्या खाचेतला गाळही तिला त्या क्षणी आठवला. सगळं माहीत असून ती म्हणाली, "लावा."

वायर लावताना एक ठिणगी उडाली. मशीन सुरू झालं. पंखा फिरला, तार तांबडी झाली, आणि थोड्या वेळानं ती थांबलेली चोच पुन्हा हलली. ललितानं भिंतीला डोकं टेकलं. तिघांनी तिथंच बसून भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. मच्छिंद्र म्हणाला, "ही खेप निगाली की पेटी बदलूच." ते तो मनापासून बोलत होता.

दुपार कलली तेव्हा लाईट आली. कुणाचीच अपेक्षा नव्हती. समोरचा जनरेटर बंद पडला, हॉस्टेलात पोरांनी ओरडा केला. इन्व्हर्टरवरचा लाल दिवा हिरवा झाला आणि रिकाम्या पेट्यांत वीज भरायला लागली. मच्छिंद्र हातपाय धुवायला गेला. बाजूला केलेलं सर्किट पुन्हा जोडायचं त्याच्या ध्यानात आलं नाही, तिच्याही आलं नाही. लाईट आली होती; लाईट आल्यावर माणूस खोक्याकडं कशाला बघतो?

आधी वास आला. गोडसर, नेलपॉलिशसारखा. मग सोनबांचा आवाज, "सूनबाई, ह्यो फुसफुसतोय." ललिता वळली तर खोक्यातून पांढरा धूर सरळ वर निघाला होता. काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला, आणि धुरात ज्वाळा फेकल्या गेल्या.

सोनबा मागं सरायचे सोडून पुढं गेले. दोन्ही हात खोक्यात घालून तारा ओढायला लागले. "सोडवा त्येला, आदी सोडवा," म्हणत होते. मच्छिंद्र धावत आला, त्यानं वडिलांना काखेत धरून ओढलं, दोघंही दारात पडले. तोवर शेजारची पेटी पेटली. ती धडधाकट होती, म्हणून जोरात पेटली. लोक बादल्या घेऊन आले. पाणी पडलं की आग क्षणभर दबायची आणि फुसकारून परत उठायची. हॉस्टेलच्या बाल्कन्यांत पोरं मोबाईल धरून उभी होती. कुणीतरी वरून ओरडलं, "काका, पाणी नका टाकू." दुसरा म्हणाला, "अरे पाणीच टाकतात." अग्निशमनची गाडी चौकातल्या खड्ड्याशी अडकली.

ललिता धुरात घुसली होती. खालचा ट्रे तिनं ओढून काढला, त्यापुढं तिला मशीन दिसेना. खोकत खोकत ती बाहेर आली तेव्हा मागं पत्रा वाकून खाली आला.

*

सोनबांचे हात कोपरापर्यंत भाजले होते. मच्छिंद्र त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. जाताना सोनबा कण्हत नव्हते. मुलाच्या खांद्यावर डोकं टाकून एकच सांगत होते, "मीच म्हनलं बाजूला कर. मीच म्हनलं." मच्छिंद्रनं त्यांना नाही म्हटलं नाही. 

अंगणात ललिता ट्रे मांडीवर घेऊन बसली होती. वारा झोंबत होता. ट्रेवर तिनं पदर धरला, वर वाकून स्वतःचं पोट टेकवलं. वरच्या रांगेतली अंडी धगीनं शिजली होती, त्यांना वास येत होता. खालच्या कोपऱ्यातली काही जिवंत होती. एका चिरेतून चोच हलत होती. दुसऱ्यातून चिवचिव येत होती, इतकी बारीक की श्वास रोखून ऐकावी लागायची. घराची वायर जळाली होती. चूल पेटवून शेक द्यावा तर धूर. धुरानं काय होतं ते तिनं नुकतंच बघितलं होतं. सारखी, बिनधुराची ऊब आसपास एकाच ठिकाणी होती.

तिनं जिवंत अंडी पदरात घेतली आणि रस्ता ओलांडला.

मेसमध्ये संध्याकाळची घाई होती. मोठे गॅस, भाताची डेगची, लांबलचक तवा. दीपालीताईनं तिला दारात बघितलं. केस जळलेले, तोंडावर काजळी.

"अगं बाई. लागलं का तुला? सासऱ्यांचं कळलं आम्हाला. काय गं हे."

"ताई, ही अंडी जरा भट्टीजवळ ठेवू द्या. फुटायला आलीत. रातभर न्हाई लागायचं."

दीपालीताईनं पदरात बघितलं. ती दुष्ट बाई नव्हती. तिनं स्वतः तव्याशेजारची परात सरकवून जागा केली, फडक्याची चुंबळ दिली. ललितानं त्यात अंडी ठेवली, हातानं ऊब बघितली, जरा लांब केली, पुन्हा बघितली. बरोबर होती.

"ठेव तिथं," दीपालीताई म्हणाली. "आणि आलीच आहेस तर तेवढी कणीक घे. आज एक बाई आली नाहीये. पोरं खाली येतील आता."

ललिताला वाटलं आपण नाही म्हणू. सासरे दवाखान्यात आहेत, गोठा अजून धुमसतोय. पण अंडी तव्याशेजारी होती. तिनं हात धुतले. पाट ओढला, लाटणं घेतलं. कोपर पहिल्या चपातीलाच ठणकलं.

ती लाटत होती आणि कान चुंबळीकडं होते. गॅसचा आवाज, ताटांचा आवाज, वर कुणाचं तरी गाणं. त्यातून ती टकटक शोधत होती. एका अंड्याचं कवच अर्धं उघडलं. ओलं डोकं बाहेर आलं, मान टाकून पडलं, पुन्हा उचललं. जेवायला आलेली दोन पोरं वाकून बघायला लागली. एकानं विचारलं, "मावशी, हे आमलेटचं आहे का?" दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. ललितानं चपाती उलटली.

पिल्लानं डोकं तिसऱ्यांदा उचललं नाही. धूर छातीत गेला असेल, किंवा अंगणातला गारठा. तिनं पीठ लागलेल्या बोटानं त्याच्या मानेखाली आधार दिला, थोडा वेळ धरला, मग बोट काढून घेतलं. बाकीच्या अंड्यांतला आवाज कधी थांबला ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. परात संपेपर्यंत तिनं कान दिला. मग दुसरी परात आली.

मोबाईल वाजला. तिला वाटलं दवाखान्यातून मच्छिंद्र. पण बायडाबाई होती, कुणाच्या तरी फोनवरून, मोठ्यानं बोलत होती. "ललिता, अगं सकाळच्या पैल्या गाडीनं येती. पोरी म्हनत्यात आमीबी येतो बगायला. फुटली का गं?"

ललितानं फोन खांदा आणि गालात धरला होता. हात लाटण्यावर होते.

"या," ती म्हणाली. "पन घरी नगा येऊ. म्होरं हॉस्टेल हाय न्हवं, तितं मेसमदी इचारा. मी तितंच हाय."

पोरं जेवून गेली. ललितानं ओटा पुसला, तवा घासला. चुंबळ तशीच गुंडाळून तिनं पिशवीत ठेवली. निदान मातीत पुरावी म्हणून. दिवा विझवून दीपालीताई दारात आली.

"पहाटे ये," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "आज नको म्हणत होते मी, पण इतर बायका बघतात गं. पिशवी तेवढी दाखव."

ललितानं पिशवी उघडून धरली.